टाळेबंदी प्रमाणात होती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वादसभेची तयारी करणारे विद्यार्थी, कायद्याचे अभ्यासक आणि घरच्या जेवणाच्या ताटावर याच विषयावरून भांडणारे, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं भारतातली, त्यातही मुख्यतः महाराष्ट्रातली, मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळातली.

एका शब्दात सांगा, टाळेबंदी योग्य होती की अयोग्य?

एका शब्दात उत्तर निघत नाही, कारण टाळेबंदी ही एक गोष्ट नव्हतीच. लोकल बंद, शाळा बंद, मैदानं बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, देवळांना कुलूप, रात्रीची संचारबंदी, एप्रिल २०२० मध्ये काही दिवस तर वर्तमानपत्र घरोघरी टाकायलाही मनाई. यातला प्रत्येक निर्बंध वेगळ्या तारखेला आला, वेगळ्या तारखेला उठला आणि प्रत्येकामागचं कारण (असलं तर) वेगळं होतं.

म्हणून नियम असा ठेवावा: उपाय, ठिकाण आणि तारीख ही तिन्ही सांगितल्याशिवाय वादाला सुरुवात करायची नाही. ‘शाळा बंद ठेवणं बरोबर होतं का?’ हा प्रश्न नव्हे, ती कुरकुर. ‘नोव्हेंबर २०२१ मध्ये हॉटेलं चालू असताना मुंबईतले पहिलीचे वर्ग बंद ठेवणं बरोबर होतं का?’ हा प्रश्न. पहिल्यावर रात्रभर बोलता येतं. दुसऱ्यावर पंधरा मिनिटांत निकाल लागतो.

‘प्रमाणात’ म्हणजे नेमकं काय? हे कोण ठरवतं?

भारतात हा निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणात नीट मांडला, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाच्या हक्काला लावला आणि १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे साथ भारतात पोचण्याच्या वीस दिवस आधी, अनुराधा भसीन प्रकरणात जमावबंदी आणि इंटरनेटबंदीलाही लावला. त्याच्या चार पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानेच चढायच्या.

पहिली, हेतू कायदेशीर आहे का? साथ रोखणं हा हेतू कायदेशीर आहे यात वाद नाही, इथे वेळ घालवू नका.

दुसरी, उपायाचा त्या हेतूशी खरोखर संबंध आहे का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असेल तर उपाय इथेच पडतो.

तिसरी, हाच हेतू कमी जाचक मार्गाने साधला असता का? सुक्याबरोबर ओलंही जाळलं का, हे इथे बघायचं. बहुतेक निर्बंध अडखळतात ते याच पायरीवर.

चौथी, मिळालेला फायदा आणि झालेलं नुकसान यांचा तोल. रोगापेक्षा औषध भयंकर झालं का?

वादात नेहमी होणारी चूक म्हणजे थेट चौथ्या पायरीवर उडी. मग एक बाजू मृतांचे आकडे फेकते, दुसरी बेकारीचे, आणि आकड्यांची बेरीज-वजाबाकी होऊच शकत नाही कारण दोन्हींचं माप एक नाही. तिसऱ्या पायरीवर थांबलं तर माणसं जास्त एकमतावर येतात, असा अनुभव आहे. आणखी एक: सिद्ध करण्याचा भार निर्बंध घालणाऱ्यावर असतो. ‘दुसरा मार्ग नव्हता’ हे सरकारने दाखवायचं. ‘होता’ हे नागरिकाने नव्हे.

टाळेबंदी कोणत्या कायद्याखाली होती?

तीन कायदे एकावर एक रचले होते. साथरोग अधिनियम १८९७, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४. उल्लंघन केलं तर भारतीय दंड संहितेचं कलम १८८ किंवा आपत्ती कायद्याचं कलम ५१.

यातला पहिला कायदा आपल्याच मातीतला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गाठीचा प्लेग डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा आला. त्यानंतर पुण्यात घरात शिरून तपासणी, सामानाची जाळपोळ आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. मुळात जेमतेम चार कलमांच्या या कायद्यात सरकारला हवे ते नियम करता येतात, पण मुदत किंवा फेरविचार याबद्दल अक्षर नाही आणि निर्बंधांनी झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्कही नाही. प्रमाणाचा लगाम कायद्यात नसल्यामुळे तो संविधानाच्या कलम १४, १९ आणि २१ मधून (समानता, स्वातंत्र्य आणि जीविताचे हक्क) आणावा लागतो.

आता सगळं माहीत झाल्यावर तेव्हाच्या निर्णयाला नावं ठेवणं अन्याय नाही का?

आहे. म्हणून पाटी दोन रकान्यांत आखा: ‘त्या दिवशी माहीत होतं’ आणि ‘नंतर कळलं’. फक्त पहिल्या रकान्यावर निकाल द्यायचा.

२४ मार्च २०२० चा पहिला रकाना भरून बघा. देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास, मृत्यू दहाच्या आसपास. इटलीतली रुग्णालयं ओसंडलेली. लस नाही, खात्रीचं औषध नाही. जानेवारीत चाचणी करणारी प्रयोगशाळा एकच, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. मार्चअखेरीस संख्या वाढली तरी चाचण्या तुटपुंज्याच. पीपीई किट देशात जवळपास बनतच नव्हते. एवढ्यावर काही आठवड्यांसाठी देश थांबवण्याचा निर्णय पहिल्या दोन पायऱ्या सहज चढतो.

पण त्याच रकान्यात आणखी एक ओळ आहे आणि ती विसरली जाते. २० ते २२ मार्चला लोकमान्य टिळक टर्मिनस आणि पुणे स्टेशनावर उत्तरेकडे निघालेल्या मजुरांची तोबा गर्दी झाली होती. २२ मार्चला प्रवासी रेल्वे बंद केल्या त्या याच गर्दीकडे बघून. म्हणजे लाखो माणसांना घरी जायचंय हे नंतर कळलेलं नाही, आधीच डोळ्यांसमोर होतं.

चार तासांच्या सूचनेचं समर्थन करता येतं का?

रात्री आठला भाषण, बाराला अंमल. समर्थनाचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा: सूचना लांब दिली असती तर स्टेशनांवर आणखी गर्दी होऊन संसर्ग गावोगाव गेला असता. हा मुद्दा पोकळ नाही. प्रतिस्पर्ध्याने तो मांडला तर टाळू नका.

आता तिसरी पायरी. लोकांना जागेवर थांबवायचं तर जागेवर तगण्याची सोय हवी. मोफत धान्याची घोषणा (माणशी महिना ५ किलो, कुटुंबाला १ किलो डाळ) २६ मार्चला झाली, टाळेबंदीनंतर. आणि रेशनकार्ड गावाकडे असलेल्या मजुराला ते धान्य भिवंडीत किंवा चाकणला मिळणार कसं? महाराष्ट्रात शिवभोजन थाळीची किंमत दहावरून पाच रुपये केली, ही मदत खरी, पण केंद्रापर्यंत चालत जायला पोलीस सोडतील तर. पूर्ण पगार द्यावा हा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १७ मेनंतर टिकला नाही.

श्रमिक विशेष गाड्या सुटल्या १ मेला. तोवर ३७ दिवस गेले होते, मुंबई-पुण्यात संसर्ग मार्चच्या कितीतरी पट झाला होता आणि माणसं गावी गेली ती तो संसर्ग घेऊन. मार्चमध्ये नियंत्रित गाड्या सोडल्या असत्या तर धोका कमी असता, हे सांगायला मागाहून आलेलं शहाणपण लागत नाही. साथ वाढत असताना उशीर म्हणजे जास्त धोका, हे त्या दिवशीही गणितच होतं. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. त्याआधी ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात सरकारने सांगितलं होतं की आता रस्त्यावर कोणी चालत नाही.

आमचं मत: थांबवणं प्रमाणात होतं, थांबवण्याची पद्धत नव्हती. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

‘दुप्पट होण्याचा काळ’ वादात कसा वापरायचा?

जपून. आरोग्य मंत्रालयाने २० एप्रिल २०२० ला सांगितलं की टाळेबंदीआधी रुग्ण ३.४ दिवसांत दुप्पट होत होते, आता ७.५ दिवसांत होतात. कागद-पेन्सिल घ्या. सुरुवात ५०० रुग्णांपासून, मुदत २१ दिवस.

३.४ दिवसांच्या वेगाने २१ दिवसांत सहापेक्षा थोड्या जास्त दुपटी, म्हणजे सुमारे ३६,००० रुग्ण. ७.५ दिवसांच्या वेगाने तीनपेक्षा कमी दुपटी, सुमारे ३,५००. प्रत्यक्षात १४ एप्रिलला नोंद होती सुमारे १०,८००. म्हणजे २१ दिवसांची सरासरी पावणेपाच दिवसांना दुप्पट.

इथे तीन खड्डे आहेत. एक, २४ मार्चला संसर्ग झालेल्या माणसाला लक्षणं यायला साधारण पाच दिवस, मग नमुना, मग अहवाल. त्यामुळे ३-४ एप्रिलपर्यंतचे आकडे टाळेबंदीआधीच्या संसर्गाचे. त्यांचं श्रेय किंवा दोष टाळेबंदीला देता येत नाही. मृत्यूंच्या बाबतीत हे अंतर तीन आठवड्यांचं धरा. दोन, चाचण्या झपाट्याने वाढल्या की नोंदलेले रुग्णही वाढतात आणि दुपटीचा काळ खोटाच लहान दिसतो. तीन, ३६,००० हा आकडा ‘लोक काहीच न बदलता वागले असते’ असं धरतो. इटलीची दृश्यं बघून माणसं आपणहून घरी बसू लागली होतीच.

किती जीव वाचले? एक म्हणतो हजारो, दुसरा म्हणतो शून्य.

२२ मे २०२० ला सरकारने सांगितलं की टाळेबंदीमुळे ३७ ते ७८ हजार मृत्यू आणि १४ ते २९ लाख रुग्ण टळले. हे मापलेले आकडे नव्हेत, गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) काढलेले. प्रतिमानं किती घसरतात याचा नमुना त्याच काळातला: एप्रिलअखेरीस सरकारी पत्रकार परिषदेत दाखवलेला आलेख १६ मेपर्यंत नवे रुग्ण शून्यावर आणत होता. १६ मे उजाडला तेव्हा रोज हजारोंनी रुग्ण सापडत होते.

परदेशातही तेच. इंपीरियल कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात युरोपातल्या ११ देशांत ३१ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज होता; पण त्यात लोकांच्या आपणहून बदललेल्या वागण्याचं श्रेयही बरंचसं सक्तीला गेलं. दुसऱ्या टोकाला हर्बी, योनुंग आणि हँके यांचा २०२२ चा आढावा, मृत्यूंत फक्त ०.२ टक्के घट सांगणारा. तो उद्धृत करण्याआधी त्यातली ‘लॉकडाऊन’ची व्याख्या वाचा: कोणताही एक सक्तीचा उपाय म्हणजे लॉकडाऊन. मास्कची सक्तीही त्यात आली. आपण लोकल बंद करण्याबद्दल भांडतोय आणि पुरावा मास्कसह सगळ्याचा, हे जुळत नाही.

वादात हातात धरण्यासारखा फायदा वेगळाच आहे: वेळ. मे २०२० मध्ये देशात रोज दोन लाखांहून जास्त पीपीई किट बनू लागले, चाचण्या दिवसाला एक लाखावर गेल्या, ऑगस्टमध्ये दहा लाखांवर. ही तयारी मोजता येते. मग पुढचा प्रश्नही विचारता येतो: इतका महाग वेळ विकत घेऊन तो सगळा वापरला का?

दाट वस्तीत टाळेबंदीचा उपयोग झाला का?

घरात बसा असं सांगायला आधी घर हवं. धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसं आणि शौचालय सार्वजनिक. दिवसातून दोनदा रांगेत उभं राहावंच लागतं. जुलै २०२० मध्ये पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईतल्या तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत, बाहेर १६ टक्के लोकांत. आदेश एकच, शहर एकच, महिने तेच.

या आकड्यांचा अर्थ ‘टाळेबंदी फसली’ असा सरसकट काढू नये. अर्थ असा की एकच निर्बंध मोठ्या फ्लॅटमध्ये आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेगळे निर्बंध असतात: पहिल्यात संरक्षण जास्त, नुकसान कमी; दुसऱ्यात उलट. धारावीत पुढे साथ आटोक्यात आली त्यात दारोदार तपासणी, ताप मोजणं, शाळा-सभागृहांतलं विलगीकरण आणि खासगी डॉक्टरांना सोबत घेणं यांचा वाटा मोठा होता. कमी जाचक पर्याय होता का, या तिसऱ्या पायरीवरच्या प्रश्नाला तिथे जिवंत उत्तर मिळतं.

२०२१ ची ‘ब्रेक द चेन’ आणि २०२० ची टाळेबंदी यांत फरक काय?

बराच, आणि महाराष्ट्राच्या बाजूने बोलायचं असेल तर हाच मुद्दा घ्या. १४ एप्रिल २०२१ पासूनच्या कडक निर्बंधांच्या आदल्या दिवशीच ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली: परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम आणि घरकामगार यांना १,५०० रुपये, सात कोटी लोकांना महिनाभर ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत, शिवभोजन थाळी फुकट. गाड्या चालू, कारखाने अटींसह चालू. तोल साधण्याचा प्रयत्न कागदावर दिसतो.

विरुद्ध बाजूने बोलायचं तर हिशेब करा. पंधरा दिवसांसाठी १,५०० म्हणजे दिवसाला १०० रुपये. निर्बंध १ जूनपर्यंत लांबले. तीच रक्कम ४८ दिवसांना भागली तर दिवसाला ३१. आणि ‘नोंदणीकृत’ या एका शब्दाने बाहेर राहिलेले वेगळेच.

जून २०२१ ची पाच स्तरांची पद्धत मात्र नमुना म्हणून अभ्यासावी. दर आठवड्याला जिल्ह्याचा (आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांचा स्वतंत्र) पॉझिटिव्हिटी दर, म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले, आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या ते बघायचं. दर ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर. दर तोच पण खाटा २५ ते ४० टक्के तर दुसरा. दर ५ ते १० किंवा खाटा ४० वर तर तिसरा. १० ते २० किंवा ६० वर तर चौथा. २० वर किंवा ७५ वर तर पाचवा. ‘आणि’ कुठे, ‘किंवा’ कुठे ते नीट वाचा. दर ४.६ टक्के पण खाटा ४२ टक्के भरलेल्या, असा जिल्हा तिसऱ्यात जातो.

चांगलं काय? निर्बंध आपोआप उठण्याची सोय होती. बिघडलं कुठे? एक, अँटिजेन चाचण्या वाढवल्या की छेद फुगून दर खाली येतो. म्हणून पुढे फक्त आरटी-पीसीआर धरायचं ठरलं. दोन, जूनअखेरीस डेल्टा प्लसच्या भीतीने सगळ्या राज्याला किमान तिसऱ्या स्तरावर बांधलं. स्वतः आखलेली पट्टी तीन आठवड्यांत मोडली आणि दुकानं दुपारी चारला बंद.

ही चारची वेळ जरा जवळून बघा. दुकानात दिवसाला १,२०० गिऱ्हाइकं येतात असं धरा. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या बारा तासांत तासाला १००. तीच गिऱ्हाइकं ७ ते ४ या नऊ तासांत आली तर तासाला १३३. गर्दी कमी करण्याच्या उपायाने गर्दी एक तृतीयांश वाढली. काही लोक आलेच नाहीत असं म्हणाल तर ते किती, हे आदेश काढणाऱ्याने दाखवायला हवं.

शाळांचं काय?

आमच्या मते सगळ्यात कमकुवत बचाव इथला आहे. मार्च २०२० ची बंदी समजण्यासारखी. मुलं इन्फ्लुएन्झासारखी साथ पसरवतात का हे तेव्हा माहीत नव्हतं. पण २०२० संपेपर्यंत मुलांना गंभीर आजाराचा धोका मोठ्यांपेक्षा खूप कमी हे स्पष्ट झालं होतं. तरी क्रम बघा: नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२०, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१, मग पुन्हा बंद, ४ ऑक्टोबर २०२१ ला पाचवीपासूनचे (शहरात आठवीपासूनचे), पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१, मुंबई-पुण्यात आणखी पंधरवडा उशीर. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा दोन आठवडे कुलूप.

सर्वांत लहान मुलं, ज्यांना मोबाइलवर शिकता येत नाही, ती सर्वांत शेवटी. दुसरीतल्या मुलाने वर्ग पाहिलाच नव्हता. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं देशभरात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के.

पालकांचीच तयारी नव्हती, हे उत्तर नेहमी मिळतं. मग हजेरी ऐच्छिक ठेवून शाळा उघडता आली असती. तो कमी जाचक मार्ग होता, आणि काही वर्गांसाठी संमतिपत्र घेऊन वापरलाही गेला.

छोट्या निर्बंधांबद्दल झटपट मतं द्याल?

दोन किलोमीटरची मर्यादा (मुंबई, जून २०२० ची अखेर): घरापासूनचं अंतर आणि संसर्ग यांचा संबंध कोणी दाखवला नाही. आठवडाभरात मागे घेतली. दुसऱ्या पायरीवर नापास.

ई-पास: एप्रिलमध्ये समर्थनीय. केंद्राने जुलैअखेरीस पासची गरज नाही म्हटल्यावरही महाराष्ट्रात २ सप्टेंबर २०२० पर्यंत चालू. साथ तोवर सगळ्या जिल्ह्यांत पोचली होती. दार कोणासाठी लावलं होतं?

मैदानं, समुद्रकिनारे: जून २०२० मध्ये व्यायामासाठी उघडले ते ठीक. पुढच्या लाटांत पुन्हा बंद करणं, मोकळ्या हवेत धोका कमी हे कळल्यानंतरही, कठीण आहे समजावणं.

गोव्यात पहिल्या दिवसांत किराणा दुकानंही बंद करून घरपोच सामान देण्याचा घाट: जमला नाही, दुकानं उघडावी लागली. पर्यायी व्यवस्था आधी आणि कुलूप नंतर, हा क्रम उलटला की काय होतं याचं छोटं उदाहरण.

वारी आणि गणपतीवरचे निर्बंध धर्मस्वातंत्र्यावर घाला नव्हते का?

वारी हे उलट चांगलं उदाहरण आहे. २०२० मध्ये पायी सोहळा झाला नाही, पण परंपरा तोडलीही नाही: दशमीला, ३० जूनला, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वीस-वीस वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखोंची गर्दी टळली, गाभा राहिला, मुदत स्पष्ट होती आणि निर्णय संस्थानांशी बोलून झाला. गणपतीत सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरची दोन फूट, कारण उंच मूर्तीला माणसं जास्त लागतात. तेही पटतं. देवळांचं मात्र सांगता येत नाही: २०२१ मध्ये मॉल उघडले ऑगस्टमध्ये (लसीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी), देवळं घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला. मॉलला दोन डोस पुरतात आणि देवळाला का पुरत नाहीत, याचं कारण आदेशात शोधून दाखवा.

स्वीडनने काहीच बंद केलं नाही, तरी चाललं ना?

‘काहीच नाही’ हे चूक. पन्नासहून जास्त माणसांच्या कार्यक्रमांना बंदी होती, उच्च माध्यमिक वर्ग काही काळ ऑनलाइन होते. लहान मुलांच्या शाळा मात्र चालू राहिल्या. त्यांच्याच करोना आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सल्ल्यावर भर देण्याचं धोरण मोठ्या प्रमाणात बरोबर ठरवलं, पण सुरुवातीला कडक पावलं उचलायला उशीर झाला असंही म्हटलं. शाळांच्या मुद्द्यावर स्वीडन कामाचा. धारावीच्या मुद्द्यावर नाही.

नुकसान मोजताना कोणते आकडे धरावेत?

एप्रिल-जून २०२० ची अर्थव्यवस्था, पहिल्या अंदाजानुसार, वर्षभरापूर्वीपेक्षा २३.९ टक्क्यांनी आक्रसली. रोजगार हमीचे मनुष्यदिवस २०१९-२० मधल्या २६५ कोटींवरून ३८९ कोटींवर गेले. कमी चर्चेतला पण जास्त बोलका आकडा क्षयरोगाचा: २०१९ मध्ये २४ लाख रुग्णांची नोंद, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा क्षय बरा झाला नव्हता, तो सापडला नव्हता.

इथली चूक म्हणजे सगळा तोटा टाळेबंदीच्या खात्यावर मांडणं. टाळेबंदी नसती तरी भीतीने हॉटेलं ओस पडलीच असती.

मृत्यूंसाठी फक्त करोनाची अधिकृत नोंद धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ अखेरपर्यंतचा भारताचा अंदाज ४७ लाख जादा मृत्यूंचा; सरकारने तो नाकारला, अधिकृत आकडा ४.८१ लाख. नागरी नोंदणीत २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू, २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १०२.२ लाख. ‘देशव्यापी टाळेबंदी होती तेव्हा कमी, नव्हती तेव्हा जास्त’ असा निष्कर्ष मोहात पाडतो, पण २०२१ मध्ये डेल्टा आला होता आणि २०२० मध्ये नोंदणी कार्यालयंच काही काळ बंद होती.

न्यायालयांनी काय म्हटलं?

टाळेबंदी मुळातच बेकायदा, असं आपल्याकडे कोणत्याही वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं नाही. तुकड्यातुकड्यांवर मात्र निकाल आले. गुजरातने साथीच्या नावाखाली कारखान्यांत बारा तासांची पाळी लावली, ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. लस न घेतलेल्यांना लोकलबंदीचे आदेश राज्य कार्यकारी समितीला डावलून निघाले, यावर मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवलं आणि राज्याने ते मागे घेतले. २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात, संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणात नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं.

परदेशी दाखला देताना जपा. स्पेनच्या घटना न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये तिथली टाळेबंदी घटनाबाह्य ठरवली ती ‘अति झाली’ म्हणून नव्हे. आणीबाणीचा चुकीचा प्रकार वापरला म्हणून. जर्मनीच्या न्यायालयाने त्याच वर्षी रात्रीची संचारबंदी आणि शाळाबंदी दोन्ही मान्य केल्या.

निर्बंधामागची कारणं मिळवायची कशी?

माहिती अधिकारातून. राज्याचे आदेश महसूल व वन विभागाच्या आपत्ती व्यवस्थापन, मदत व पुनर्वसन शाखेतून निघाले, बहुतेकांवर क्रमांक डीएमयू/२०२०/सीआर ९२ असा. जिल्ह्याचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, शहराचे महापालिका आयुक्तांकडे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

‘असं का केलं?’ विचारलंत तर अर्ज हमखास परत येतो. ‘का’ ही माहिती नाही, असं उत्तर मिळतं. कागद मागा: ‘अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या आदेशाच्या नस्तीतील टिपणी, त्याआधीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि विचारात घेतलेला तज्ज्ञ समितीचा अहवाल यांच्या प्रती.’ जोडीला कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा. बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणं देणं प्रशासनाचं कर्तव्य आहे असं ते सांगतं. मंत्रिमंडळाचे कागद म्हणून नकार आला तर अपिलात लिहा की निर्णय होऊन विषय संपल्यावर ती सूट संपते.

टिपणीत पर्यायांचा विचार केल्याची ओळच नसेल तर तिसऱ्या पायरीवरचा तुमचा युक्तिवाद तयार आहे. ती ओळ असेल तर समोरच्याचा.

कलम १८८ चा जुना गुन्हा अजून नावावर दिसतो. काय करावं?

राज्यात असे दोन लाखांहून जास्त गुन्हे नोंदले गेले. पुढे ते मागे घेण्याचा निर्णय झाला. सरकारी आणि आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांवरचे हल्ले त्यातून वगळले. पण शासन निर्णय निघाला म्हणजे खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने फौजदारी संहितेच्या कलम ३२१ खाली अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. आधी पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक, मग न्यायालयात खटला क्रमांक आणि शेवटचा आदेश तपासा.

मागे घेतला नसेल तरी दोन दारं आहेत. कलम १९५ नुसार १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरून घेऊ शकतं. नुसत्या आरोपपत्रावर नाही. आणि या गुन्ह्याला कमाल सहा महिने शिक्षा असल्याने दखलीची मुदत कलम ४६८ प्रमाणे एक वर्ष. २०२० च्या गुन्ह्यात २०२२ मध्ये आरोपपत्र आलं असेल तर ही दोन कलमं आणि तारखांचा तक्ता घेऊन वकिलाकडे जा. पासपोर्टच्या पडताळणीत हा गुन्हा आडवा आला तर निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. तिच्यासाठी अर्ज त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात.